फलटणची जुळी कोकरं : सरकारी विज्ञाननिधी आणि एका मेंढीचं प्रकरण

ज्वारीची काढणी झाली की आमच्या माण तालुक्यातल्या रानात धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारा त्यांचा तळ, उतरायचा. रात्री मेंढरं शेतात बसवायची, लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं, आणि त्या बदल्यात वाड्याला ज्वारी द्यायची. त्या कळपात जवळजवळ प्रत्येक मेंढीमागे एकच कोकरू असे. कधी जुळं झालं की आम्ही पोरं बघायला धावायचो, पण वाड्यावरच्या मामांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. माझे वडील प्राथमिक शिक्षक. मामा त्यांना म्हणायचे, "गुरुजी, दोन झाली खरी, पण दूध कुणाचं पाजायचं?"

पुढे मी ग्रामीण विकास हा विषय शिकवू लागले आणि सरकारी पैशातून होणारं विज्ञान समाजाच्या कामी कसं लावायचं, हा प्रश्न वर्गात दरवर्षी येऊ लागला. त्यासाठी मी जे प्रकरण वापरते ते आमच्याच जिल्ह्यातलं, फलटणचं आहे. एका जनुकाचं, एका मेंढीचं आणि दोन-तीन देशांच्या सरकारी पैशाचं. मामांचा प्रश्न त्याच्या मध्यभागी आहे, म्हणून सुरुवात तिथून केली.

आधीचं ध्येय : लोकर

समाजासाठी विज्ञान ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९५८च्या विज्ञान धोरण ठरावातच विज्ञानाचे लाभ लोकांपर्यंत पोचवण्याची भाषा आहे. मेंढीच्या बाबतीत हे ध्येय अनेक वर्षं लोकर हेच राहिलं. १९६२ साली राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली. लोकर तिच्या नावातच आहे. १९७१पासून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात देशी मेंढ्यांचा मेरिनो आणि रॅम्बुए या परदेशी जातींशी संकर करून मऊ, बारीक धाग्याची लोकर मिळवायचे प्रयत्न झाले. गिरण्यांना लागणारी बारीक लोकर बाहेरून आणावी लागे, त्यात परकीय चलन जाई, ते वाचवायचं होतं.

हे ध्येय खोटं नव्हतं, हे मी विद्यार्थ्यांना ठासून सांगते. ज्या देशाकडे डॉलर मोजून असतात त्या देशाने लोकर पिकवायचं ठरवणं हेही समाजहिताचंच होतं. अडचण इतकीच की हा हिशेब गिरणीचा आणि तिजोरीचा होता, आणि कळप धनगराचा होता. दख्खनी मेंढीची लोकर काळी, जाड, वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो. सनगर विणकर तिची घोंगडी विणत, ती ऊब देणारी, टिकाऊ, पावसाला तोंड देणारी वस्तू. पण घोंगडीची मागणी घटली तशी लोकर कातरण्याची मजुरीही त्या लोकरीतून सुटेनाशी झाली. घर चालायचं ते विकलेल्या कोकरांवर. लोणंदच्या बाजारात तीन-चार महिन्यांचं कोकरू उभं केलं की व्यापारी त्याच्या पाठीवर हात फिरवून मांस किती हे बघतो. लोकरीचा धागा किती मायक्रॉनचा, म्हणजे किती बारीक, हे तिथे कुणी विचारत नाही.

मऊ लोकरीचा संकर दख्खनच्या कळपांत रुजला नाही. दुष्काळी माळावर रोज मैलोन्‌मैल चालायचं, मिळेल ते खायचं, पावसाळ्यात चिखलात उभं राहायचं, हे ज्या जनावराला जमेल तेच कळपात टिकतं.

सुंदरबनातून फलटणला

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ सालची. बनबिहारी निंबकर यांनी ती स्थापन केली. कापूस, करडई, गोड ज्वारी अशा पिकांबरोबर तिथे शेळ्या-मेंढ्यांवरही काम झालं. मेंढीच्या कामात पुढे डॉ. चंदा निंबकर मुख्य राहिल्या. त्यांनी विचार लोकरीपासून सुरू केला नाही. एक मेंढी वर्षभर सांभाळायला जो चारा, जे पाणी, जी राखण लागते ती लागतेच. तिने एक कोकरू दिलं काय किंवा दोन दिली काय, तिचं स्वतःचं पोट तेवढंच. मग तेवढ्याच मेंढ्यांमागे विकायला जास्त कोकरं मिळाली तर धनगराच्या हातात काय उरेल, असा हा विचार होता.

जुळी देणारी मेंढी भारतात होती. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची लहानखुरी जात आहे. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते, वजन जेमतेम बारा-चौदा किलो, म्हणजे दख्खनी मेंढीच्या निम्म्याच्या आसपास, पण एका वेताला दोन-तीन कोकरं सहज देते. नव्वदच्या दशकात गारोल फलटणला आणली गेली.

इथून या प्रकरणाची दुसरी कहाणी सुरू होते, आणि तिला मुद्दाम जास्त जागा देते, कारण निधी कुठे वळवावा यावर बोलणारे बरेच लोक ती विसरतात. १७९२-९३च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजाने बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. त्यांचं रक्त तिथल्या कळपांत मिसळलं आणि विसरलं गेलं. दीडशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या बुरूला नावाच्या मळ्यावर भरपूर जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या लक्षात आल्या. त्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेने, सीएसआयआरओने, सांभाळल्या आणि त्यांचा अनेक दशकं अभ्यास केला. पुढे असं दिसलं की हा गुण एकाच मोठ्या जनुकाचा आहे. त्याला फेक-बी हे नाव मिळालं. २००१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे त्यातला नेमका बदल शोधला आणि २००२ साली तोच बदल गारोलमध्येही असल्याचं दाखवलं गेलं.

बुरूलाच्या मेंढ्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या डोळ्यांसमोर फलटण नव्हतं, माणमधलं म्हसवड नव्हतं. मेंढीच्या बीजकोशात एका वेळी किती बीजांडं पिकतात आणि का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. ते ज्ञान नसतं तर फलटणच्या कामाला इतकी अचूक वाट सापडली नसती. ज्यांना वाटतं की सगळाच विज्ञाननिधी ताबडतोब गावाच्या कामाला जुंपावा, त्यांच्यापुढे मी हा भाग ठेवते.

आता जनुक चालतं कसं ते पाहू, कारण पुढचा निधीचा प्रश्न त्यावरच उभा आहे. या जनुकाची एक प्रत मेंढीत असली (आई किंवा बाप, एकाकडून आलेली) तर बीजांडं वाढतात, दोन प्रती असल्या (दोघांकडून एकेक) तर आणखी वाढतात. दोन प्रती म्हणजे तिळी-चौळी वाढणार, कोकरं बारकी होणार, मरणार. म्हणून गावच्या कळपात मेंढीला एकच प्रत हवी. एक प्रत असलेल्या मेंढीला दख्खनी कळपांत सरासरी दीडच्या आसपास कोकरं होतात आणि तिळ्यांचं प्रमाण कमी राहतं. म्हणजे काही वेतं एकाची, काही दोनाची.

गारोलचं जनुक हवं, पण तिची लहान काया नको. मग गारोल आणि दख्खनीचा संकर करायचा, होणाऱ्या पिल्लांतून जनुक आलेली निवडायची, ती पुन्हा दख्खनीशी लावायची. पहिल्या पिढीत गारोलचा वाटा निम्मा, दुसऱ्या पिढीत पाव, तिसरीत दोन आणे. पण दुसऱ्या पिढीपासून प्रत्येक वेळी जनुक जेमतेम निम्म्या पिल्लांत उतरतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. एडक्यात तर मुळीच दिसत नाही, कारण तो काही वीत नाही. त्याच्या मुली मोठ्या होऊन व्याल्याशिवाय कळणार कसं? २००१नंतर डीएनएची थेट तपासणी करता येऊ लागली आणि हे वाट पाहणं संपलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही तपासणी फलटणच्या मेंढ्यांसाठी केली. रसायनशास्त्राच्या सरकारी प्रयोगशाळेत माण-फलटणच्या मेंढीचं रक्त तपासलं जावं, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. पुढे कर्नाटकातल्या मंड्याकडची मांसल बन्नूर मेंढीही या संकरात आली. यातून तयार झालेल्या मेंढीचं नाव नारी सुवर्णा; नारी हे निंबकर संस्थेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप.

पैसा कोणत्या शब्दांत लिहिला होता

या कामाला मोठा आधार मिळाला ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पैशाचा. ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर इंटरनॅशनल ॲग्रिकल्चरल रिसर्च, म्हणजे एसीआयएआर, ही १९८२ची संस्था. विकसनशील देशांच्या शेतीतले प्रश्न तिथल्या संशोधकांबरोबर ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी सोडवावेत, हेच तिचं नेमून दिलेलं काम. आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ या प्रकल्पात भागीदार होतं.

१९९८ ते २००७ या काळात हे काम दोन टप्प्यांत झालं. पहिल्या टप्प्याच्या शीर्षकाचा अर्थ असा : महाराष्ट्र आणि फिलिपिन्ससाठी जास्त पिल्लं देणारी, जंतांना दाद न देणारी मांसाची मेंढी. दुसऱ्या टप्प्याच्या शीर्षकात महाराष्ट्रातल्या मेंढीपालनाची उत्पादकता, नफा आणि टिकाऊपणा हे शब्द आले. पहिल्यात जनावराचं वर्णन आहे, दुसऱ्यात धंद्याचं. नफा हा शब्द शीर्षकात आला की तो मोजावा लागतो, आणि मोजायचा तर धनगराच्या कळपात जावं लागतं. त्याप्रमाणे जनुकाची जनावरं फलटण परिसरातल्या मेंढपाळांच्या कळपांत दिली गेली आणि नोंदी तिथे ठेवल्या गेल्या. कोणती मेंढी कधी व्याली, किती दिली, त्यातली किती जगली, विकताना वजन किती. संशोधन केंद्राच्या गोठ्यात भरल्या गव्हाणीपुढे जुळी वाढवून दाखवणं सोपं असतं. माळावर ती वाढतात का, हे कळायला माळावरच उभं राहावं लागतं.

मी काही वर्षं एका संस्थेत संशोधन प्रस्तावांच्या छाननीला बसत होते. प्रत्येक अर्जात सामाजिक उपयोगाचा एक रकाना असे. बहुतेक अर्जांत तो शेवटच्या दिवशी भरलेला दिसायचा : शेतकऱ्यांचं उत्पन्न वाढेल, महिलांचं सक्षमीकरण होईल, ग्रामीण भागाचा विकास होईल. किती शेतकऱ्यांचं, कोणत्या तालुक्यातल्या, आणि ते वाढलं हे कोण कुठे जाऊन बघणार, याचा उल्लेख नसे. आम्हीही तो विचारत नव्हतो. वर्षअखेरीला पैसे खर्च झाले का आणि लेख छापून आले का, एवढंच तपासलं जाई. मी त्या समितीत होते, तरी मीही हे आग्रहाने मांडलं नाही, याची खंत आहे. सामाजिक ध्येय अर्जात लिहून येत नाही. मोजमापासाठी पैसे ठेवले, माणूस नेमला आणि तो कळपात जाऊन उभा राहिला, तरच ते कामात उतरतं.

मामांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं का?

थोडं मिळालं. समजा चाळीस मेंढ्यांचा कळप आहे. सगळ्या एकेक व्याल्या तर चाळीस कोकरं. त्यातल्या वीस मेंढ्यांत जनुकाची एक प्रत आली, तर वीसांची वीस आणि उरलेल्या वीसांची तीस, अशी पन्नास. मेलेली वजा करूनही कळपवाल्याच्या हातात चार पैसे जास्त राहतात. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याचं सगळं भांडवल चार पायांवर चालतं, त्याला हा फरक फार मोठा आहे.

पण जुळ्यांना दूध लागतं. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत दोघांनाही चीक मिळाला पाहिजे, दुबळ्याला धरून पाजलं पाहिजे, आणि मेंढीला त्या महिनाभरात खुराक लागतो. हे काम वाड्यावर बहुतेक बायकांच्या हातचं. वाडा मुक्कामाला असेल तर ते होतं. दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात निघालेल्या वाड्याला मात्र रोज उठून चालायचं असतं. घोड्यावर, गाढवावर किंवा खांद्यावर किती कोकरं घेणार? ज्याच्याजवळ थोडी बागायत आहे, घरी कडबा-घास आहे, त्याला जुळी परवडतात. जो वर्षातले सहा-आठ महिने रस्त्यावर असतो त्याला तेच जनुक ओझं होऊ शकतं. म्हणजे मेंढपाळ हा शब्द प्रस्तावात एकच असतो, पण त्याच्या पोटात निदान दोन वेगळे धंदे आहेत, आणि मिळणारा लाभ दोघांना सारखा नाही. विद्यार्थी इथे अडखळतात, आणि त्यांनी अडखळावं अशीच माझी इच्छा असते. सामाजिक ध्येय म्हटलं की समाजातला कोण, हे ठरवावंच लागतं.

दुसरी अडचण पैदाशीची. दोन प्रती असलेला एडका साध्या मेंढ्यांवर सोडला तर होणाऱ्या प्रत्येक पाटीत, म्हणजे मादी कोकरात, एक प्रत उतरते. उत्तम. पण त्या पाट्या मोठ्या झाल्यावर तोच किंवा तसाच एडका कळपात राहिला, तर त्यांच्या निम्म्या पिल्लांत दोन-दोन प्रती येतील, आणि पुढे तिळी, बारकी कोकरं, मरतूक. म्हणून कोणत्या पिढीला कोणता एडका, हे कुणीतरी सांगत राहिलं पाहिजे, तपासणी करत राहिलं पाहिजे, एडके फिरवत राहिले पाहिजेत. या कामाला शेवट नाही.

तीन वर्षं आणि एक मेंढी

आपल्याकडच्या सर्वसाधारण संशोधन प्रकल्पाची मुदत तीन वर्षांची. मेंढीची पाटी जन्मून, मोठी होऊन, पहिल्यांदा व्यायला दीड-दोन वर्षं लागतात. तीन पिढ्यांचा संकर म्हणजे पाच-सहा वर्षं. तीन वर्षांत दुसरी पिढीही नीट पाहून होत नाही. फलटणचं काम दहा वर्षांच्या आसपास सलग चाललं म्हणून त्यातून मेंढी उभी राहिली. तीन वर्षांच्या चौकटीत हेच काम एका शोधनिबंधावर थांबलं असतं.

देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, तो वाढावा अशी मागणी रास्तच आहे. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं, त्यासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडला गेला. त्यातले सुमारे १४,००० कोटी केंद्र सरकारचे आणि बाकीचे बहुतांशी उद्योग व इतर स्रोतांतून यायचे आहेत. माझी चिंता आकड्याबरोबरच या पैशाच्या स्वरूपाचीही आहे. जो पैसा उद्योगातून येणार तो उद्योगाच्या प्रश्नाकडे झुकणार, यात वावगं काही नाही. पण भूमिहीन मेंढपाळाच्या वतीने पैसा घालणारा उद्योग नाही. त्याचा प्रश्न सरकारी वाट्यातूनच सुटायचा, आणि त्या वाट्यात लांब मुदतीची, कळपात मोजणारी कामं किती, हे मला पाहायचं आहे.

अविकानगरची गोष्ट इथे आठवते. लोकर नावात असलेल्या त्याच संस्थेने पुढे गारोल घेतली, राजस्थानच्या मालपुरा आणि गुजरातच्या पाटणवाडी मेंढ्यांशी तिचा मेळ घातला, आणि अविशान नावाची जास्त कोकरं देणारी मेंढी २०१६ साली पुढे आणली. संस्था, कर्मचारी, गोठे जवळपास तेच राहून मोजायची गोष्ट मात्र बदलली. हे होऊ शकतं, आपल्याच देशात झालं आहे.

वर्गात शेवटी मी एक काम देते. माण तालुक्यासाठी दहा वर्षांचा निधी तुमच्या हातात आहे. तीन मागण्या आहेत : आणखी चांगल्या जनुकांचा शोध, एडके फिरवण्याची आणि तपासणीची कायम व्यवस्था, किंवा व्यायल्यानंतरच्या महिन्यात मेंढीला चारा आणि कोकराला दूध पोचवण्याची सोय. बहुतेक मुलं पहिली मागणी निवडतात, कारण तीच त्यांना विज्ञान वाटते. मी स्वतः तिसरीला सगळ्यात जास्त आणि दुसरीला त्याखालोखाल पैसे देईन. दूध कमी पडलेल्या कोकराला स्वस्तात, माळावर, वीज आणि फ्रीजशिवाय काय पाजता येईल, हाही चोख विज्ञानाचाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर फलटणच्या गोठ्यात शोधता येईल, पण खरं ठरवायचं ते म्हसवडच्या पलीकडे, चालत्या वाड्यावर, आणि तिथे रात्री कोकरू मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला विचारून.